व्यायामालाही वाफसा लागतो

प्रश्न : माझं वय ३७. अमळनेरला कापडाचं दुकान आहे, गावाकडची चार एकर काळी जमीन धाकटा भाऊ पाहतो. उंची पाच फूट सहा इंच. दिवाळीनंतर जिम लावली तेव्हा वजन ८४ किलो होतं. पहिल्या दीड महिन्यात ७८ वर आलं, पण गेले सात आठवडे काटा हलत नाही. कंबर ३८ इंच आहे. सोमवार ते शनिवार पहाटे पाचला जिम, दीड तास. रविवारी १०८ सूर्यनमस्कार. दुकान नऊला बंद होतं, जेवूनखाऊन झोपायला पावणेबारा होतात, साडेचारला उठतो. भाकरी, भात, केळी बंद केलीत. सकाळी लिंबू-मध, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री नुसते काकडी-टोमॅटो. रविवारी मात्र घरी वरण-बट्टी असते, तेव्हा राहवत नाही, पोटभर जेवतो. आता जिना उतरताना डावा गुडघा पुढून दुखतो, दुपारी गल्ल्यावर डुलकी लागते, गिऱ्हाइकावर चिडचिड होते. एक दिवस खाडा झाला तरी आपण आळशी आहोत असं वाटतं. जिममधली पोरं म्हणतात पावडर सुरू करा. आम्ही माळकरी, अंडं चालत नाही. वडिलांना साखर आहे. मी काय चुकतोय?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ओघात लिहून गेला आहात. पावणेबाराला झोपतो, साडेचारला उठतो. म्हणजे पावणेपाच तास. गुडघा, डुलकी, चिडचिड आणि अडून बसलेला काटा, या चौघांचं मूळ बरंचसं तिथे आहे. उरलेलं रात्रीच्या त्या काकडी-टोमॅटोत आहे. मेहनतीत तुम्ही कुठेच कमी पडलेला नाहीत. हे आधी सांगायला हवं, कारण स्वतःला आळशी समजून तुम्ही व्यायाम वाढवायला निघाल, आणि दुखणं आणखी वाढेल.

घरी काळी जमीन आहे, तेव्हा वाफसा तुम्हाला समजावून सांगायला नको. पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी कोणी औत घालत नाही. ओल्या चिखलात बैल घातले तर ढेकळं निघतात, आणि पाण्यावर पाणी सोडत राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही, कपाशी पिवळी पडते. मातीची मूठ वळली की गोळा व्हावा आणि टिचकीने फुटावा, तेव्हा जमीन वाफशावर आली असं आपण म्हणतो. स्नायूचंही तसंच आहे. वजन उचलताना तो वाढत नसतो. त्या वेळी त्याच्या तंतूंवर ताण येतो, बारीक इजा होते, त्यातला साखरेचा साठा खर्च होतो. भरून येण्याचं आणि वाढण्याचं काम नंतर चालतं. ताण पडलेल्या स्नायूत नवी प्रथिनं घडण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला असतो. त्यासाठी त्याला ताटातून प्रथिनं हवीत आणि रात्रीची झोप हवी. तुम्ही दोन्ही कापलंत, आणि चोवीस तास उलटायच्या आत त्याच स्नायूला पुन्हा पाणी सोडलंत. तुमची जमीन तीन महिन्यांत एकदाही वाफशावर आलेली नाही.

आता काटा का अडला ते बघू. सुरुवातीच्या सहा किलोंत सगळी चरबी नव्हती. शरीरात साखरेचा जो साठा असतो, म्हणजे ग्लायकोजेन, त्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भाकरी-भात एकदम तोडला की हा साठा उतरतो आणि पहिल्या काही दिवसांतच दीड-दोन किलो पाणी निघून जातं. बाकीच्यात चरबी गेली, पण थोडा स्नायूही गेला असणार, कारण कमी खाणं आणि कमी झोप एकत्र आली की चरबीऐवजी स्नायू झिजण्याचं प्रमाण वाढतं. नंतरच्या सात आठवड्यांत शरीराने काटकसर सुरू केली. पहाटे दीड तास घाम गाळलेला माणूस दिवसभर गल्ल्यावरून उठत नाही, कापडाचं थान स्वतः न काढता नोकराला सांगतो, दोनशे पावलांवरच्या बँकेतही गाडीने जातो. हे आपोआप होतं, कळतही नाही. शिवाय सतत दुखावलेला स्नायू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे आत चरबी थोडी उतरली तरी काट्यावर दिसत नाही.

आणि एक गोष्ट पत्रात नाही, पण कापडाच्या दुकानात ती असणारच. गिऱ्हाइकासोबतचा चहा. दोन चमचे साखरेचा दुधाळ कप साधारण ६० ते ७० कॅलरीचा होतो. दिवसाला सहा कप म्हणजे ४०० च्या आसपास. एवढ्या कॅलरी जवळपास दीड भाकरीत मिळतात, आणि भाकरी खाल्ली असती तर पोट तरी भरलं असतं. तुम्ही भाकरी सोडलीत आणि चहा ठेवलात. चहा दिवसाला दोन कपांवर आणा, दुसरा दुपारी चारच्या आत. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात, म्हणून संध्याकाळी सातचा चहा रात्री अकरालाही जागा ठेवतो. गिऱ्हाइकाला चहा पाजायला हरकत नाही, आपल्यासमोर ताकाचा पेला ठेवा. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

आधी वेळापत्रक बदलू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. दुकान दहाला उघडत असेल तर पहाटे पाचची जिम कशासाठी? ती पावणेसातला करा. उठणं सव्वासहाला. रात्री जेवणाला दहा वाजतात म्हणून झोप लांबते, तर जेवण घरी न्यायचंच नाही. संध्याकाळी साडेसातला घरून डबा मागवा, दुकानातच जेवा. नऊला शटर खाली, घरी आल्यावर आंघोळ, पोरांशी गप्पा, दहाला एक पेला दूध, पावणेअकराला दिवा बंद. साडेसात तास झाले. पहिला आठवडा झोप लागणार नाही, तरी पडून राहा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप अपुरी असली की भूक वाढवणारं संप्रेरक चढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं उतरतं. रविवारी बट्टीसमोर राहवत नाही, ते मन कच्चं आहे म्हणून नव्हे. सहा दिवसांची उपासमार आणि अपुरी झोप तुम्हाला त्या ताटापाशी ढकलत असते.

व्यायाम असा लावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार जिम, पन्नास मिनिटं, त्यात आठ मिनिटं अंग मोकळं करायला. मंगळवार, गुरुवार, शनिवार चाळीस मिनिटं भरभर चालणं, इतक्या वेगाने की बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. रविवार पूर्ण सुट्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम सांगितला आहे. चालण्याची तुमची १२० मिनिटं होतात, उरलेली तीस घर ते दुकान पायी केलंत की भरली.

जिममध्ये रोज एक अवयव घेऊन त्याचा पिट्टा पाडायची पद्धत तुमच्या कामाची नाही. तिन्ही दिवस सगळं अंग घ्या: खुर्चीवर बसणं-उठणं, बाकावर हात टेकून जोर, वरून दांडी खाली ओढणं, बसून दोरी पोटाकडे ओढणं, कंबरेतून वाकून हलकं वजन उचलणं, आणि शेवटी कोपरांवर फळीसारखं सरळ तोललेलं अंग तीस सेकंद. पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोन सेट, नंतर तीन. सेटमध्ये दहा आवर्तनं. दोन सेटच्या मध्ये घड्याळ लावून दीड ते दोन मिनिटं बसा. थांबायचं कधी, तर अजून दोन झाली असती असं वाटत असतानाच. शेवटच्या आवर्तनाला कंबर वाकडी होईपर्यंत रेटलं की फायदा फार वाढत नाही, दुखापत मात्र होते. सलग दोन खेपांना सगळ्या सेटमध्ये बारा आवर्तनं सहज झाली की अडीच किलो वाढवा. दर सहाव्या आठवड्यात सेट निम्मे करा, वजन तेवढंच ठेवा. तोही वाफसाच.

१०८ सूर्यनमस्कार सध्या बंद. सूर्यनमस्कार वाईट नाहीत, पण १०८ म्हणजे गुडघा १०८ वेळा फरशीवर टेकणं, आणि थकल्यावर शेवटचे तीस-चाळीस खांदे पडलेले, कंबर लोंबलेली असे होतात. मंगळवारी चालण्याआधी बारा घाला, सतरंजीवर, प्रत्येक स्थितीत एक श्वास थांबून.

शरीर सावरलंय की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. सकाळी जाग आल्यावर, उठून बसायच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून तीस सेकंद ठोके मोजा, दुप्पट करा, उशाशी कॅलेंडर असेल त्यावर लिहा. दहा दिवसांत तुमचा नेहमीचा आकडा कळेल. समजा तो ६८ आहे, आणि एखाद्या सकाळी ७६ आला, झोपही तुटक झाली असेल, पायही जड असतील, तर त्या दिवशी जिमचा वार असला तरी वीस मिनिटं चालून या. हा खाडा नव्हे. दोन-तीन दिवस अंग दुखणं सुरुवातीला साहजिक आहे, पण पाच दिवस झाले तरी दुखतंय, किंवा मागच्या आठवड्यात उचललेलं वजन आज उचलत नाही, तर सेट कमी करायची वेळ आली आहे.

गुडघ्याबद्दल. जिना उतरताना, उकिडवं बसताना, बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे-पुढे दुखणं, हे बहुतेक वेळा मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू थकून वाटीवर ताण येण्याचं लक्षण असतं. लोक म्हणतात तसं गुडघ्यातलं वंगण संपलं असं समजून घाबरू नका. दोन आठवडे खोल बैठका, उड्या आणि ट्रेडमिलचा चढ बंद. खुर्चीवर बसा-उठा, पण सीटवर दोन उशा ठेवून ती उंच करा. त्याशिवाय रोज दोन कामं. भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसल्यासारखं तीस सेकंद थांबा, असं पाच वेळा, मध्ये एक मिनिट विश्रांती. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, किंचित मागे नेत वर उचला, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा, दोन खेपा. दुखणं दहापैकी तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जात असेल तर चालू ठेवा. गुडघा सुजला, अडकला, चालताना लचकून सुटला, किंवा रात्री झोपेतून उठवायला लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. आणि दुकानात गादीवर मांडी घालून दहा तास बसत असाल तर स्टूल घ्या. त्या मांडीचा गुडघ्यावर येणारा भार जिमपेक्षा कमी नाही.

आता ताट. इथे थोडं सविस्तर, कारण खान्देशच्या स्वयंपाकघरात जे आहे तेच तुमच्या कामाचं आहे, आणि तुम्ही नेमकं तेच बंद केलंत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम ठेवली आहे. वजन उतरवत असताना आणि जोराचा व्यायाम करताना १.२ पर्यंत जावं. तुमचं पुढचं लक्ष्य ७० किलो धरा, म्हणजे रोज ८४ ग्रॅम. सध्या तुम्हाला त्याच्या निम्मीही मिळत नाहीत.

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी परत ताटात आणा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात ते भरपूर असतं. उडदात मिथिओनिन कमी पडतं, ते ज्वारीत मिळतं. दोन्ही एकत्र दळली की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. पोषणशास्त्राची पुस्तकं जो मेळ शिकवतात तो आपल्या बायांनी जात्यावर कधीच घातला आहे. तीन वाटे दादर ज्वारी आणि एक वाटा सालासकट उडीद दळून आणा, पिठात मीठ. ८० ग्रॅम पिठाची एक भाकरी ११ ग्रॅम प्रथिनं देते, २७५ कॅलरी, आणि तीन तास भूक लागू देत नाही. मैद्याच्या बिस्किटांना ते जमत नाही.

दिवस असा धरा. जिमला निघण्याआधी एक केळं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अर्ध्या देशात ती जाते, आणि तिच्या मुलखातले आपण ती वजन वाढवते म्हणून टाकतो! मध्यम केळं साधारण १०० कॅलरीचं असतं, व्यायामाआधी त्यातली साखर नेमकी स्नायूला उपयोगी पडते. साडेआठला मूगडाळीची दोन धिरडी, ५० ग्रॅम डाळ भिजवून वाटलेली, तव्यावर एक चमचा तेल, सोबत २५० मिली दूध. २० ग्रॅम प्रथिनं झाली. दुपारी एकला कळण्याची एक भाकरी, ४० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, पालेभाजी किंवा गिलक्याची भाजी, एक वाटी दही, कच्चा मुळा किंवा कांद्याची पात. तिथे २५. जेवून लगेच गल्ल्यावर बसू नका, दुकानातच दहा मिनिटं फिरा. वडिलांना साखर आहे म्हणून हे तुमच्यासाठी फार महत्त्वाचं, जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर चढते कमी. पाचला मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम, आणि ताक, ७ ग्रॅम. साडेसातच्या डब्यात दोन पोळ्या आणि ३० ग्रॅम कोरड्या सोयावड्यांची भाजी, किंवा ८० ग्रॅम पनीर, २२ ग्रॅम. काकडी-टोमॅटो असूद्या, पण बाजूला. रात्री २०० मिली दूध, ६ ग्रॅम. केळ्याचा एक ग्रॅम धरून बेरीज ८१ होते. उरलेल्या तीन ग्रॅमसाठी जीव टाकू नका. कॅलरी १८०० च्या आसपास बसतात, तुमच्या खर्चापेक्षा साधारण चारशे-पाचशेने कमी. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला ३५० ते ४५० ग्रॅम उतरतील. तो वेग धिमा वाटेल, पण असंच उतरलेलं वजन टिकतं.

फसवणूक होते ती तेलात. आपल्या भागात भाजीवर तर्री दिसली नाही तर भाजी जमली नाही असं समजतात, त्यात शेंगदाण्याचं वाटण. पाच मिलीचा एक चमचा तेल ४५ कॅलरी देतो, आणि भाजीत ते हाताने ओतलं जातं. घरात वाद नको, हिशोब डब्यावर ठेवा: माणशी दिवसाला चार चमचे धरले तर चार माणसांना महिन्याला अडीच लिटर पुरतात. नवा डबा फोडला की तारीख लिहा. वांग्याचं भरीतही असंच. वांग्यात स्वतःत काही नाही, १०० ग्रॅमला जेमतेम २५ कॅलरी. लाकडी बडगीत ठेचलेल्या भरतावर जी फोडणी ओततात तिथे ताट जड होतं. एका माणसामागे दोन चमचे तेल आणि एक चमचा शेंगदाणे एवढ्यात ते उत्तम होतं, आणि कळण्याच्या भाकरीसोबत जिमच्या दिवसाचं याहून चांगलं जेवण आपल्याकडे नाही. शेवभाजी मात्र तळलेलं बेसन पुन्हा तर्रीत घातलेलं असतं, १०० ग्रॅम शेव म्हणजे साधारण ५५० कॅलरी. ती पंधरा दिवसांतून एकदा.

रविवारची बट्टी बंद करू नका. घरचं ताट तोडलं की दोन महिन्यांत सगळा बेतच मोडतो. बट्ट्या उकडल्यावर तळण्याऐवजी फोडी करून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये खरपूस करा, तूप वरून मोजून दोन चमचे. आधी वांग्याची भाजी आणि वाटीभर घट्ट वरण खाऊन घ्या, मग दोन बट्ट्या. सहा दिवस नीट जेवलेला माणूस दोनवर थांबू शकतो, तुम्हीच बघाल. एकादशीला किंवा श्रावणात उपास असेल तर त्या दिवशी जिम नको, चालणं पुरे. आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, तेव्हा भगर, शेंगदाण्याची आमटी, दही आणि दूध यांवर दिवस काढा.

पावडर लागत नाही. एका मापात जी २४-२५ ग्रॅम प्रथिनं मिळतात ती सोयावडी, दूध आणि वरणातून येताहेत. चरबी जाळणाऱ्या गोळ्या आणि लेबल नसलेल्या सुट्या पुड्या कोणी हातावर ठेवल्या तरी घेऊ नका.

आता उन्हाळा तोंडावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याच्या छताखालची जिम सकाळी आठलाच तापते. एप्रिलपासून सव्वासहाला सुरू करून सव्वासातच्या आत संपवा, झोपही अर्धा तास अलीकडे आणा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, त्या काळात सेट एकाने कमी. एकदा व्यायामाआधी आणि नंतर, घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करून बघा. अर्धा किलो उतरलं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत पाऊण लिटर पाणी प्यायचं, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. व्यायामानंतर ती चहासारखी काळपट झाली आणि अंग विलक्षण दुखत असेल तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातला अंश मूत्रपिंडावर येतो तेव्हा असं होतं. हीच गोष्ट चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, धडगाव भागातल्या वाचकांसाठी आणखी महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या आदिवासी समाजात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक बरेच आहेत, वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, कमी पाण्यावर, एकदम जोराच्या धावण्याने त्याच्या जिवावर बेतू शकतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी मैदानावर उतरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

तुम्हीही या आठवड्यात रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, आणि रक्तदाब. निव्वळ शाकाहारात बी-१२ उतरलेलं सापडणं नेहमीचं आहे, आणि त्याचा थकवा व चिडचिड तुमच्या तक्रारीसारखीच दिसते. ते कमी असेल तर जेवणाने लवकर भरत नाही, डॉक्टरांकडून गोळी किंवा इंजेक्शन घ्यावं लागतं. मूत्रपिंडाचा काही दोष निघाला तर प्रथिनांचं वरचं गणित डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नका. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, अंधारी, धडधड यांतलं काहीही झालं तर तिथेच थांबून तपासणी.

लगीनसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर दुकान तुम्हाला सोडणार नाही. तेव्हा आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-अर्धा तास, एवढंच करा. कमावलेली ताकद तेवढ्यावर कित्येक आठवडे टिकते, आणि एका आठवड्याच्या पूर्ण सुट्टीने काही जात नाही. झोप मात्र त्या दिवसांतही सातच्या खाली नेऊ नका.

काट्याकडे रोज बघायचं बंद करा. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर. पहिल्या दहा-बारा दिवसांत तो किलोभर वर जाईल, कारण भाकरी परत आली की साखरेचा साठा आणि त्यासोबतचं पाणी भरणार. घाबरून पुन्हा काकडीवर येऊ नका. बेंबीच्या रेषेत शिलाईचा टेप धरून कंबर मोजा, श्वास सोडून, टेप न आवळता. दुकानात टेप आहेच. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या खाली यायचं आहे, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि तुम्ही आज ३८ वर आहात. चार आठवड्यांनी कंबर, सकाळचे ठोके, गुडघ्याचं दुखणं दहापैकी किती आणि रक्ताचे आकडे, एवढं लिहून पाठवा. सेट आणखी वाढवायचे की नाही ते त्यावरून ठरवू.